जुना संगणक लॅपटॉपला दुसरा मॉनिटर म्हणून जोडणे: कोणत्या यंत्राला कोणता मार्ग

पडदा_विस्तार

जुन्या संगणकाचा पडदा लॅपटॉपला दुसरा मॉनिटर म्हणून वापरता येईल का, हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत येतो, अर्धवट उत्तर मिळतं आणि चर्चा भलतीकडे जाते. म्हणून हा स्वतंत्र धागा. ज्यांना यातलं नक्की ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात मूळ अडचणीपासून करतो. लॅपटॉपवरचा एचडीएमआय, व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट हा चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो. आत घेण्याची सोय त्या सर्किटमध्येच नसते. दोन लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडले की दोघेही पाठवायला तयार, घ्यायला कोणीच नाही. केबल बदलून, ड्रायव्हर टाकून किंवा बायोसमध्ये शोधून हे बदलत नाही. टाइप-सीचंही तेच.

म्हणून आधी हातात नेमकं काय आहे ते पाहा.

डेस्कटॉप असेल आणि त्याचा मॉनिटर वेगळा असेल, तर संगणकाला हातही लावू नका. नुसता मॉनिटर लॅपटॉपला जोडा, काम संपलं. चालू अवस्थेतला जुना लॅपटॉप असेल तर चित्र नेटवर्कवरून न्यायचं किंवा कॅप्चर कार्डमधून (एचडीएमआयचं चित्र यूएसबीने आत घेणारं उपकरण). मदरबोर्ड गेलेला पण पडदा शाबूत असलेला लॅपटॉप असेल तर पॅनेल काढून त्याला कंट्रोलर बोर्ड (बाहेरचं चित्र पॅनेलला पोचवणारी पाटी) लावायचा. ऑल-इन-वन (पडद्यातच संगणक असलेलं यंत्र) असेल तर बाजूच्या पोर्टजवळ ‘एचडीएमआय इन’ लिहिलंय का ते आधी बघा. काही मॉडेलमध्ये ते असतं आणि पडद्याच्या कडेला स्रोत बदलायचं बटणही असतं. नुसतं ‘एचडीएमआय’ लिहिलं असेल तर तो बहुधा बाहेर जाणारा असतो.

पहिल्या प्रकारात फक्त जोडणीचा प्रश्न उरतो. मॉनिटरला डीव्हीआय असेल तर एचडीएमआय-डीव्हीआय साधी केबल पुरते, कारण दोन्हीतला चित्राचा डिजिटल संकेत एकच आहे. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर मात्र साधी केबल उपयोगाची नाही, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा सक्रिय कन्व्हर्टर हवा. हा कन्व्हर्टर एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवर चालतो आणि प्रमाणानुसार त्या पिनवर किमान ५५ मिलिअँपिअर एवढीच हमी असते. चित्र मध्येच काळं होऊन परत येत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. बाजूने यूएसबीची वीज घेणारा कन्व्हर्टर घेतला की ही कटकट राहत नाही.

---

निळी_केबल

धागा काढलात ते उत्तम केलंत. व्हीजीएबद्दल थोडी भर.

१७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन बहुतेक वेळा १२८० बाय १०२४ असतं, म्हणजे ५:४. लॅपटॉप कधीकधी त्याला १०२४ बाय ७६८ देतो किंवा रुंद रिझोल्यूशन देऊन चित्र ताणतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकडाच निवडा. मग मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा, पण दाबताना पडद्यावर बारीक अक्षरांनी भरलेलं पान उघडं असू द्या. व्हीजीएमध्ये प्रत्येक ठिपका कुठे सुरू होतो हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. समोर रिकामा काळा डेस्कटॉप असेल तर अंदाज चुकतो आणि उभ्या पट्ट्यांत अक्षरं थरथरताना दिसतात. तरीही थरथर राहिली तर मेनूमधलं ‘फेज’ एकेक घर हलवून पाहा.

लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर त्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (टाइप-सीमधून चित्र पाठवण्याची सोय) आहे का ते लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर साधा टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर चालत नाही. तिथे डिस्प्लेलिंक जातीचा यूएसबी अ‍ॅडॅप्टर लागतो, त्याला ड्रायव्हर लागतो आणि थोडा सीपीयूही खर्ची पडतो.

---

खिडकीवाला

आता जुना लॅपटॉप चालू अवस्थेत असेल तर.

दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर बाहेरचं काहीही न घेता मिराकास्टने, म्हणजे वायफायवरून चित्र थेट दुसऱ्या यंत्राला पाठवणाऱ्या सोयीने, काम होतं. जुन्या यंत्रावर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘वायरलेस डिस्प्ले’ घाला. नंतर सिस्टममध्ये ‘प्रोजेक्टिंग टु धिस पीसी’ उघडा. पहिला पर्याय मूळात ‘ऑल्वेज ऑफ’ असतो, तो बदला आणि पिन मागण्याची खूण चालू ठेवा. तिथेच खाली, चार्जर लावलेला असेल तरच यंत्र इतरांना दिसावं, असाही एक पर्याय असतो आणि तो बहुधा चालू असतो. ‘सगळं केलं तरी यादीत नावच येत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हीच खूण असते.

नव्या लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं दाबा, यादीतून जुनं यंत्र निवडा, मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ करा.

जुन्या यंत्राचं वायफाय कार्ड याला लायक आहे का ते आधीच कळू शकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘netsh wlan show drivers’ ही आज्ञा देऊन वायफाय ड्रायव्हरची माहिती मागा. शेवटाकडे ‘वायरलेस डिस्प्ले सपोर्टेड’ या ओळीपुढे ‘येस’ हवं. कंसात ग्राफिक्स ड्रायव्हर आणि वायफाय ड्रायव्हर यांची वेगवेगळी नोंद असते, म्हणजे अडचण नक्की कुठे आहे तेही समजतं.

मिराकास्ट लिखाण, ईमेल, उघडी ठेवलेली पीडीएफ यांना ठीक आहे. खिडकी ओढताना मात्र माउस मागे पडल्यासारखा वाटतो.

---

तारतम्य

खिडकीवाला, बरोबर. पण जुन्या यंत्रात वायफायच कमकुवत असतं, म्हणून माझं मत सरळ आहे: ज्याला पडदा रोज आठ तास वापरायचा आहे त्याने लॅन केबलच लावावी.

आकडा बघा. १९२० बाय १०८०, २४ बिट रंग, सेकंदाला ६० चित्रं. हे न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवायचं तर साधारण ३ गिगाबिट प्रति सेकंद लागतात. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या ५४ मेगाबिटवाल्या कार्डातून प्रत्यक्षात २०-२५ मेगाबिट निघतात, तेही शेजारपाजारच्या वायफायची गर्दी नसेल तर. म्हणजे चित्र प्रचंड दाबावं लागणार. दाबायला नव्या यंत्राचा वेळ जातो, उलगडायला जुन्याचा, आणि मध्ये हवेतलं माहितीचं एखादं पाकीट हरवलं की चित्र अडखळतं. केबलमध्ये निदान हा शेवटचा प्रकार नाही.

चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर नेणाऱ्या स्पेसडेस्क या प्रोग्रामची रीत सांगतो. नव्या लॅपटॉपवर, म्हणजे जिथलं चित्र पाठवायचं तिथे, स्पेसडेस्कचा ड्रायव्हर. जुन्यावर फक्त व्ह्यूअर. हे उलटं बसवलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय. ड्रायव्हर बसला की विंडोजला एक खोटा मॉनिटर दिसू लागतो आणि तो डिस्प्ले सेटिंगमध्ये खऱ्यासारखाच डावी-उजवीकडे ओढून लावता येतो.

थेट केबलसाठी राउटर लागत नाही. दोन्ही यंत्रांच्या लॅन पोर्टमध्ये एकच केबल. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतः ओळखतो, त्यामुळे एका बाजूला गिगाबिट असला तरी साधी केबल पुरते. दोन्हीकडे जुने १०० मेगाबिटचे पोर्ट असतील तर क्रॉसओव्हर केबल लागू शकते.

पत्ते हाताने द्या. नव्याला १९२.१६८.५०.१, जुन्याला १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे ठेवा. गेटवे भरला तर लॅपटॉप इंटरनेटही त्याच केबलने शोधायला जातो आणि वायफाय चालू असूनही पानं उघडत नाहीत. घरचं वायफाय १९२.१६८.५० याच मालिकेत असेल तर ५०च्या जागी दुसरा आकडा घ्या.

मग जुन्यावरच्या व्ह्यूअरमध्ये १९२.१६८.५०.१ टाकून जोडा. जोडल्यावर सगळ्यात आधी खोट्या मॉनिटरचं रिझोल्यूशन जुन्या पडद्याच्या मूळ आकड्याएवढं करा. पडदा १३६६ बाय ७६८ असताना चित्र १९२० बाय १०८० पाठवलं तर जास्तीचा भार वाहूनही अक्षरं पुसटच दिसणार. त्यानंतर व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये दर्जा वाढवा आणि सेकंदाची चित्रं ३०वर आणा. अक्षरांसाठी दर्जा महत्त्वाचा, वेग नाही.

---

अर्धवट_जोडणी

तारतम्य, अगदी असंच केलं आहे. पिंग (जोडणी तपासणारी आज्ञा) जुन्याकडून नव्याला जात नाही, नव्याकडून जुन्याला जातं. व्ह्यूअर ‘कनेक्टिंग’वरच थांबतो. वायफायवरून मात्र तोच व्ह्यूअर जोडला जातो. पत्ते दोनदा तपासले.

---

तारतम्य

ही फायरवॉल आहे. केबलच्या जोडणीला गेटवे नसल्यामुळे विंडोज तिला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ समजतं आणि सार्वजनिक गटात टाकतं. स्पेसडेस्क बसताना परवानगी खाजगी गटापुरती दिली गेली असेल. तुमचं वायफाय खाजगी गटात आहे, म्हणून तिथे चालतं.

उपाय: नव्या लॅपटॉपवर प्रगत फायरवॉल उघडा, ‘इनबाउंड रूल्स’मध्ये स्पेसडेस्कचा नियम शोधा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘पब्लिक’वरही खूण करा. स्पेसडेस्क २८२५२ क्रमांकाचा पोर्ट वापरतो, नियम सापडला नाही तर त्या पोर्टसाठी नवा करा.

एवढ्यावर सोडू नका मात्र. त्याच नियमाच्या ‘स्कोप’ टॅबमध्ये ‘रिमोट आयपी’ म्हणून फक्त १९२.१६८.५०.२ लिहा. नाहीतर बाहेर कुठल्या सार्वजनिक वायफायवर बसलात की तिथेही दार उघडं राहील.

---

अर्धवट_जोडणी

जोडलं गेलं. स्कोपमध्ये पत्ता टाकल्यावरही व्यवस्थित चालतंय. मनापासून आभार.

पुढचा प्रश्न: जुन्या यंत्रावर विंडोज ७ आहे. तसंच ठेवू का?

---

पेंग्विनपंथी

विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, विंडोज १०चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. थेट केबलवर असेल आणि वायफाय पूर्ण बंद असेल तर धोका बराच कमी होतो. तरी माझा आग्रह असा की या यंत्राला आता फक्त पडद्याचं काम करायचं आहे, तर त्यावर हलकं लिनक्स टाका. लुबुंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालेल. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर अँटीएक्स.

स्पेसडेस्कचा ब्राउझरमध्ये चालणारा व्ह्यूअर लिनक्सवर चालतो, पण जुन्या प्रोसेसरवर तो जड जातो. त्यापेक्षा सनशाइन आणि मूनलाइट ही जोडी बघा. खेळांचं चित्र दुसऱ्या यंत्रावर पाठवण्यासाठी मूळ केलेली आहे, म्हणून उशीर फार कमी.

सनशाइन नव्या लॅपटॉपवर बसवायचं, मूनलाइट जुन्यावर. सनशाइनचं सेटिंगचं पान त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ४७९९० पोर्टवर उघडतं. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देईल. पान आपल्याच यंत्रावरचं असल्याने पुढे जायला हरकत नाही. जुन्यावर मूनलाइट चार आकडी पिन दाखवेल, तो या पानावर भरला की जोडी जमली.

पण सनशाइन असलेला पडदा पाठवतं, नवा पडदा तयार करत नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये डमी प्लग लावा. बोटाच्या पेराएवढा असतो, आत मॉनिटरची ओळख सांगणारी एक चिप असते, लॅपटॉपला खराच मॉनिटर लावल्यासारखं वाटतं. मग सनशाइनच्या ‘ऑडिओ/व्हिडिओ’ भागात तो पडदा निवडायचा. डमी प्लग नको असेल तर आभासी डिस्प्ले ड्रायव्हरही मिळतात.

मूनलाइटमध्ये तीन गोष्टी बघा. रिझोल्यूशन ‘नेटिव्ह’. बिटरेट केबलवर २०-३० मेगाबिट, कारण कमी ठेवला तर पान सरकवल्यावर अक्षरं क्षणभर विरघळतात. आणि प्रक्षेपण चालू असताना मूळ यंत्राचे स्पीकर बंद करायचा पर्याय काढून टाका, नाहीतर लॅपटॉपचा आवाज गायब होतो आणि कारण लवकर सापडत नाही.

जुन्या यंत्राला एच.२६४ हा कोडेक (चित्र दाबण्या-उलगडण्याची पद्धत) हार्डवेअरमध्ये उलगडता आला पाहिजे. २०११च्या सँडी ब्रिजपासूनचे इंटेल ग्राफिक्स ते सहज करतात. एचईव्हीसी हा नवा कोडेक मात्र २०१५च्या स्कायलेकच्या आधी मागू नका. आपोआप निवडीवर गोंधळ झाला तर कोडेक हाताने एच.२६४ करा.

---

खिडकीवाला

पेंग्विनपंथी, मुख्य लॅपटॉपवरच लिनक्स असेल तर? एक्स११ या जुन्या प्रदर्शन व्यवस्थेवर एक्सरँडरने आभासी पडदा करून तो व्हीएनसीने (पडदा दूरच्या यंत्रावर दाखवणारी पद्धत) पाठवायचा जुना जुगाड बराच फिरतो.

---

पेंग्विनपंथी

तो जुगाड ग्राफिक्स ड्रायव्हरने आभासी आउटपुट दिला तरच चालतो, आणि एक्स११च्या जागी आलेल्या वेलँडवर नाहीच. आता त्याची गरजही नाही.

लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपवर रिमोट डेस्कटॉप सेवा चालू करा आणि जी-सेटिंग्जमध्ये तिच्या आरडीपी विभागातली ‘स्क्रीन शेअर मोड’ ही किल्ली ‘मिरर प्रायमरी’ऐवजी ‘एक्स्टेंड’ करा. जुन्या यंत्रावरून रेमिना या रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्रामने जोडलं की नवा पडदाच तयार होतो. केडीई डेस्कटॉपवर केआरएफबी या पडदा वाटून घेण्याच्या प्रोग्रामबरोबर आभासी मॉनिटरची आज्ञा येते. तिला रिझोल्यूशन, नाव, पासवर्ड आणि पोर्ट दिला की तोच परिणाम, फक्त व्हीएनसीवर. व्हीएनसी स्वतःहून चित्र कूटबद्ध करत नाही, म्हणून ते थेट केबलवरच ठेवा.

विंडोजवाल्यांसाठी: नेहमीचं रिमोट डेस्कटॉप दुसरा मॉनिटर देत नाही. तुम्ही जुन्यावरून नव्यात शिरलात की नव्याचा स्वतःचा पडदा कुलूपबंद होतो. हवं त्याच्या नेमकं उलट.

---

शून्य_परवानगी

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर काहीही बसवता येत नाही, मिराकास्टही बंद केलेलं आहे. नेटवर्कची सेटिंगं कुलूपबंद. काही मार्ग उरतो का?

---

निळी_केबल

उरतो. एचडीएमआय कॅप्चर कार्ड. लॅपटॉपचा एचडीएमआय त्या छोट्या डोंगलमध्ये, डोंगल जुन्या संगणकाच्या यूएसबीत. लॅपटॉपला तो साधा मॉनिटर वाटतो, त्याच्यावर काहीच बसवावं लागत नाही. जुन्या यंत्राला तो वेबकॅमसारखा दिसतो. तिथे ओबीएस या चित्र नोंदवण्याच्या प्रोग्राममध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ जोडा, चित्रावर उजवी क्लिक करून ‘फुलस्क्रीन प्रोजेक्टर’ निवडा. तरी कार्यालयाचे नियम बाहेरचा मॉनिटर जोडू देतात ना, ते आधी विचारून घ्या. हे डोंगल चित्र नोंदवूही शकतं, त्यामुळे काही ठिकाणी त्याला मनाई असते.

मर्यादा समजून घेऊन वापरा. स्वस्त डोंगलमध्ये बऱ्याचदा एमएस२१०९ ही चिप असते, यूएसबी २.०ची. १९२० बाय १०८० चित्र न दाबता, ठिपक्याला २ बाइट धरून, सेकंदाला ३० वेळा न्यायचं तर १२४ मेगाबाइट लागतात. यूएसबी २.०ची कागदावरची मर्यादाच ६० मेगाबाइट. म्हणून चिप प्रत्येक चित्र एमजेपेगमध्ये दाबते. ओबीएसमध्ये व्हिडिओ फॉरमॅट ‘वायूवाय२’ (न दाबलेला) असेल तर पूर्ण आकारात सेकंदाला जेमतेम ५ चित्रं मिळतात आणि माउस उड्या मारतो. फॉरमॅट ‘एमजेपेग’ करा, ३० मिळतील.

दुसरं म्हणजे रंगाची माहिती इथे कमी केली जाते. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठीक दिसतात, पण काळ्या पार्श्वभूमीवरची लाल किंवा निळी बारीक अक्षरं कडेने पसरतात. गडद रंगसंगतीत कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच खुपेल. त्यांनी दुसऱ्या पडद्यावर फिकी रंगसंगती ठेवावी. संरक्षित चित्रपट-मालिका या मार्गाने काळ्या दिसतील, तो एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाचा परिणाम आहे, बिघाड नाही.

---

सफरचंद_साल

आयमॅकबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

काही आयमॅक खरंच केबलने मॉनिटर होतात, त्याला टार्गेट डिस्प्ले मोड म्हणतात. २००९च्या उत्तरार्धातला आणि २०१०चा २७ इंची आयमॅक मिनी डिस्प्लेपोर्टने. २०११ ते २०१४च्या मध्यापर्यंतचे २१.५ आणि २७ इंची थंडरबोल्टने. या दुसऱ्या गटात मिनी डिस्प्लेपोर्टची केबल खाचेत बसते पण चालत नाही, कारण तोंड सारखं, संकेत वेगळा. त्यामुळे साध्या विंडोज लॅपटॉपसाठी पहिला गटच कामाचा.

आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याआधीची प्रणाली हवी आणि वापरकर्ता लॉगिन झालेला हवा. मग आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड आणि एफ२. चित्र पाठवणाऱ्या मॅकबाबत अ‍ॅपलची अट अशी की तो २०१९ किंवा त्याआधीचा आणि कॅटलिना किंवा त्याआधीच्या प्रणालीवर असावा. २०१४च्या अखेरीस आलेल्या ५के आयमॅकपासून ही सोय नाही.

ते ५के पॅनेल मात्र अप्रतिम आहे. आतली यंत्रणा काढून कंट्रोलर बोर्ड लावणं सार्थकी लागतं. काच चिकटपट्टीने बसवलेली असते, ती नीट कापायची तयारी हवी.

---

सर्किटताई

कंट्रोलर बोर्डाचा विषय निघालाच आहे तर लॅपटॉप पॅनेलची पूर्ण रीत लिहिते. मदरबोर्ड मेलेल्या यंत्राला माझ्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग: उशीर शून्य, रंग पूर्ण, वीजही कमी.

आधी चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती टोचली किंवा वाकवली जाणार नाही याची काळजी घ्या आणि ई-कचऱ्यात द्या. पडद्याभोवतीच्या चौकटीचे स्क्रू रबरी टिकल्यांखाली असतात. चौकट नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उकला. पॅनेलचे चार स्क्रू काढून ते कीबोर्डवर पालथं घाला. मागे केबलवर पारदर्शक चिकटपट्टी असते, ती सोलून कनेक्टर पॅनेलच्या पृष्ठभागाला समांतर ओढा. वर उचलला तर सॉकेट तुटतं.

आता पाठीमागच्या स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. उदाहरणार्थ एलपी१५६डब्ल्यूएच४, पुढे डॅश आणि टीएलए१. डॅशपुढची अक्षरंही हवीत, तिथे फरक असतो. लॅपटॉपचं मॉडेल सांगून बोर्ड मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेलं बसवलेली असतात.

क्रमांकावरून तीन गोष्टी कळतात: रिझोल्यूशन, जोडणी एलव्हीडीएस की ईडीपी (पॅनेलपर्यंत चित्र नेण्याच्या दोन पद्धती), आणि मागचा प्रकाश एलईडीचा की नळीचा. १५.६ इंची, १३६६ बाय ७६८, ४० पिनचं पॅनेल म्हणजे बहुधा एलव्हीडीएस, एकेरी चॅनेल, एलईडी. १६०० बाय ९००पासून पुढे एलव्हीडीएसचे दुहेरी चॅनेल. ३० पिनचा अरुंद कनेक्टर नव्या यंत्रात ईडीपीचा. एलव्हीडीएसचा बोर्ड ईडीपी पॅनेल चालवत नाही. विक्रेत्याला पॅनेल क्रमांक द्या आणि त्याच रिझोल्यूशनचं फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) भरलेला बोर्ड, केबल आणि बटणांची पट्टी असा संच घ्या. वीजपुरवठा १२ व्होल्ट, २ अँपिअर, ५.५ बाय २.१ मिलिमीटरची पिन, मधला भाग धन.

केबल लावण्याआधी बोर्डवरचा व्होल्टेजचा जंपर बघा. ३.३, ५ आणि १२ अशी तीन घरं असतात. लॅपटॉप पॅनेलला ३.३. बोर्ड येताना तो ५ किंवा १२वर असू शकतो आणि तसाच वीज दिली तर पॅनेल जागच्या जागी जातं, दुरुस्ती नाही. मल्टिमीटर असेल तर केबल न लावता बोर्ड चालू करून जंपरच्या पिनवर मोजून घ्या. मग वीज काढा, पिन १ जुळवून केबल लावा, मगच परत वीज.

चुकलं तर पडदा काय सांगतो:

सगळा पांढरा किंवा राखाडी: प्रकाश आहे, चित्राचा संकेत पोचत नाही. केबल पूर्ण बसलेली नाही किंवा केबल चुकीची.

चित्र दोनदा किंवा फाटल्यासारखं: एकेरी-दुहेरी चॅनेलचं फर्मवेअर चुकलंय.

आकार बरोबर पण रंग विचित्र, चेहरे उलट्या छायाचित्रासारखे: ६ बिट-८ बिटचा घोळ. तोही फर्मवेअरमध्येच सुटतो.

टॉर्च तिरका धरल्यावर अंधुक चित्र दिसतं: चित्र येतंय, मागचा प्रकाश लागलेला नाही.

---

अर्धवट_जोडणी

सर्किटताई, पॅनेल ३० पिनचं आहे पण यंत्र २००७चं. वरच्या कोपऱ्यातून गुलाबी-पांढऱ्या दोन तारा वेगळ्या निघतात. हेही ईडीपी का?

---

सर्किटताई

नाही. त्या दोन तारा म्हणजे आत मागच्या प्रकाशाची सीसीएफएल नळी आहे. पॅनेल एलव्हीडीएसचंच, त्याला वेगळा इन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टर चालू असताना त्या तारांवर ५००-७०० व्होल्टच्या घरात दाब असतो आणि नळी पेटताना तो हजारावर जातो. चालू असताना हात लावायचा नाही, उघडी सोल्डर जागा झाकायची, आणि नळी फोडायची नाही कारण तिच्यात पारा असतो.

खरं सांगायचं तर तुमचं यंत्र चालू आहे, मग ते उघडू नका. २००७ची नळी आता पिवळटलेली असणार आणि बोर्डाचा खर्च त्या प्रकाशावर वाया जाईल. केबलवरच ठेवा.

---

तारतम्य

ताईंशी सहमत. त्याच धर्तीवर विजेचाही विचार करा. जुना डेस्कटॉप टॉवर केवळ पडद्यासाठी चालवला तर नुसता बसून ६०-१०० वॅट खातो. वेगळा एलसीडी मॉनिटर २०-३० वॅटमध्ये भागवतो. जुना लॅपटॉप मधोमध. म्हणून टॉवरवर स्पेसडेस्क बसवायच्या सूचना वाचताना आधी त्याचा मॉनिटर सुटा होतो का ते बघाच.

---

पेंग्विनपंथी

अजून एक वेगळा मार्ग, कारण बऱ्याच जणांना दुसरा मॉनिटर नको असतो, दुसरं काम डोळ्यासमोर हवं असतं. जुनं यंत्र इंटरनेटला चालण्याइतकं सुदृढ असेल तर चित्र पाठवूच नका. निरोपांची खिडकी, गाणी, संदर्भाची पानं जुन्यावरच उघडा आणि फक्त कीबोर्ड-माउस एकच ठेवा. दोन्हीकडे विंडोज असेल तर पॉवरटॉइजमधलं ‘माउस विदाउट बॉर्डर्स’, मिश्र प्रणाली असतील तर इनपुट लीप. माउस कडेला नेला की पलीकडच्या यंत्रात जातो, कॉपी केलेला मजकूरही बरोबर जातो. वाहतूक इतकी कमी की साधं वायफायही पुरतं, आणि अक्षरं पूर्ण स्वच्छ कारण चित्र दाबलंच जात नाही. इनपुट लीपचा पोर्ट २४८००, फायरवॉलमध्ये तोच उघडायचा.

फक्त खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढता येत नाही.

---

पडदा_विस्तार

उत्तम माहिती जमली. कायम पडदा म्हणून ठेवायच्या लॅपटॉपबद्दल माझ्याकडून उरलेलं लिहितो.

झोपेचं सेटिंग चार्जरवर असताना ‘नेव्हर’ करा, पडदा विझण्याचंही. स्टार्टअपमध्ये व्ह्यूअर आपोआप उघडेल असं ठेवा, म्हणजे त्या यंत्राला कीबोर्ड लावायची वेळ येत नाही. चोवीस तास चार्जरवर राहणार असेल आणि बॅटरी निघत असेल तर ती काढून ठेवा, मात्र मग वीज जाताच पडदा बंद होईल हे लक्षात असू द्या.

सुरू करताना दर वेळी तारीख चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख मागे गेली की ब्राउझरमधले व्ह्यूअर प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडत नाहीत आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. काही लॅपटॉपमध्ये हा सेल दोन तारांच्या छोट्या प्लगसह आवरणात असतो, तेव्हा नवा घेताना प्लगची जात जुळवून घ्या.

---

अर्धवट_जोडणी

सेलचं हेच होतं, तारीख २००७ दाखवत होता. तारांच्या प्लगवाला आहे. प्लगच्या दोन तारांची दिशा दोन प्रकारची असते का?

---

सर्किटताई

असते. जुन्या सेलच्या प्लगची खाच वर धरून लाल तार डावीकडे आहे की उजवीकडे ते बघा आणि नव्याची तशीच जुळवा. उलटी आली तर प्लगमधली धातूची जीभ सुईने दाबली की तार बाहेर येते, दोन्हींची अदलाबदल करता येते. लावण्याआधी मल्टिमीटरवर ३ व्होल्ट आणि लाल बाजू धन, एवढं तपासा.